पहिल्या तुंब्याची दुरुस्ती

वाल्देमार पिंतोसने त्या शनिवारी दुपारी फक्त एक बारीकशी दुरुस्ती करायचं ठरवलं. (अशाच बारीक दुरुस्त्यांनी त्याच्या घरातला नळ, भिंतीवरचं घड्याळ आणि सासूबाईंचा रेडिओ यांची काय गत केली होती, ते पायसांदू शहरातल्या त्याच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण नवा निश्चय करताना माणसाला आपला पूर्वेतिहास आठवत नाही, आणि आठवला तरी तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.)

वाल्देमार पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीमागे बसायचा. लोक येऊन नळाला पाणी नाही म्हणायचे, तो मान डोलवायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा. घरातली खरी कर्तबगार म्हणजे त्याची बायको अनाई. ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर ॲनिमेशन करायची. राजधानीतल्या, मॉन्तेविदेओच्या, एका स्टुडिओने तिला बरीच वर्षं एकाच कामाला जुंपलं होतं, ते म्हणजे हात. चेहरे दुसरा कोणी करायचा, चालणं तिसरा कोणी, आणि राक्षसापासून राजकन्येपर्यंत सगळ्यांचे हात तेवढे अनाईकडे यायचे. सिनेमाच्या शेवटी तिचं नाव इतकं खाली आणि इतकं बारीक असायचं की ते वाचायला वाल्देमार टीव्हीला नाक लावून बसायचा. दुसऱ्या दिवशी खिडकीवर येईल त्याला तो सांगायचा, "काल त्या राक्षसाने सूपची वाटी उचलली ना, ती आमच्या अनाईने उचलली." नळाची तक्रार घेऊन आलेला माणूस यावर काय बोलणार? तो बिचारा अभिनंदन करून जायचा.

आता पहिल्यांदाच तिला अख्खी फिल्म मिळाली होती. छोटीशीच, टिटवी छाप येर्बाच्या, म्हणजे तिकडच्या कडू चहापत्तीच्या, जाहिरातीची. पण चेहरे, हात, चाल, सगळं तिचं एकटीचं. टिटवी छापच्या मालकीण पेत्रोनाबाई बिदेगाईन फिल्म बघायला स्वतः बसने यायच्या होत्या. येर्बा प्यायचा भोपळ्याचा तुंबा नीट धरता न येणाऱ्या माणसाशी ही बाई व्यवहारच करत नाही, अशी तिची ख्याती होती. फिल्म पसंत पडली तर पुढच्या सगळ्या जाहिराती अनाईच्या, खाली ठळक अक्षरात तिच्या नावासकट. नाही पडली तर सोमवारपासून पुन्हा हात.

"आज नाही जमलं," बाईंना आणायला बसस्टँडवर निघताना बूट चढवत अनाई म्हणाली, "तर म्हातारी होईपर्यंत मी दुसऱ्यांची नखंच हलवत बसणार."

"जमणार नाही कसं? मी सांगतो ना."

"तू काही सांगू नकोस. बेकरीतून बिस्कोचो आण, पाणी तापव पण उकळू देऊ नकोस. आणि वाल्दे, त्या खोलीत कशालाही हात लावू नकोस."

"मी कशाला लावतोय," वाल्देमार म्हणाला. (रेडिओच्या वेळीही तो हेच म्हणाला होता.)

त्याने बिस्कोचो आणले, ताजे आहेत का हे पाहण्यासाठी त्यातले दोन खाल्ले, आणि मागच्या खोलीत गेला. बघायला, निव्वळ बघायला. त्या आठवड्यात कचेरीतून आला की तो तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि तोंड उघडं टाकून बघत राहायचा. पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं, टेबलाभोवती चौघं: ओतणारा, एक आजी, तिचा मुलगा आणि शेजारीण. तुंबा भरायचा, एकाच्या हातात जायचा, नळीने रिकामा व्हायचा, परत ओतणाऱ्याकडे यायचा, पुन्हा भरून पुढच्याकडे. ओतणाऱ्याचं तोंड चौकटीबाहेर राहायचं, बाकीच्यांचेही हातच डोळ्यांत भरायचे, पण त्या हातांवरून आजीला संधिवात आहे आणि शेजारीण घाईत आहे हेसुद्धा कळायचं. तोंडांचं काम चालू असताना मात्र अनाई त्याला खोलीबाहेर काढायची. "तोंडं झाली की बघ," म्हणायची.

"हा तुंबा इतका बरोबर हातात कसा बसतो गं?" त्याने एकदा विचारलं होतं. "किती वेळा हलवलास?"

"तुंबा मी हलवतच नाही. मी हात हलवते. तुंब्याला फक्त सांगून ठेवलंय, की या हाताची जागा तीच तुझी जागा. पोझिशन कन्स्ट्रेंट म्हणतात त्याला. हात जाईल तिकडे तुंबा आपोआप जातो."

"म्हणजे लग्नासारखंच म्हण की."

"लग्नात तुंबा इतकी बडबड करतो," अनाई म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

तर वाल्देमार खुर्चीत बसला आणि त्याने फिल्म चालू केली. फिल्मच्या पहिल्याच क्षणी ओतणाऱ्याच्या हाताने तुंबा भरला आणि थेट आजीच्या हातात दिला. वाल्देमारने ती थांबवली, पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा तेच. तुंबा भरला, आजीला दिला.

आता ज्याने जन्मात एकदा तरी येर्बा ओतली आहे त्याला सांगायला नको. पहिला तुंबा म्हणजे सगळी भुकटी, कोमट पाणी आणि काढ्याहून कडू चव. तो ओतणाऱ्याने स्वतः निमूट प्यायचा असतो आणि दुसऱ्या तुंब्यापासून मंडळींना द्यायचं असतं. पहिल्याला लोक मूर्खाचा तुंबा म्हणतात. तो पाहुण्याच्या हातात ठेवणं म्हणजे त्याची चप्पल त्याच्यापुढे आणून ठेवण्यासारखंच आहे, आणि इथे तर म्हाताऱ्या आजीला दिला होता. लग्न झाल्यापासून या घरात ओतायचं काम वाल्देमारकडे होतं. (दुसरं कुठलं काम त्याच्याकडे द्यायची कुणाची छाती नव्हती.) तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तो पहिला कडू घोट स्वतः घेत आला होता, आणि बायकोने हे कधी पाहिलंच नाही की काय, या विचाराने त्याला जरा वाईटही वाटलं.

पण स्वतःचं दुःख करत बसायला वेळ नव्हता. पेत्रोनाबाई हे बघतील आणि आल्या पावली पुढची बस पकडतील. फोन करावा तर अनाई बाईंना घेऊन टॅक्सीत. बाईंच्या कानावर गेलं की खेळ खलास. खुर्चीच्या पाठीला अनाईने कंबरेसाठी एक उशी बांधलेली होती. आठवडाभर ती त्या उशीला टेकून बसली होती, नीट जेवलीसुद्धा नव्हती. ती उशी बघून वाल्देमारला भडभडून आलं. हिच्यासाठी आपण एवढं तरी करू शकतो, असं त्याला अगदी आतून वाटलं. करायचं तरी काय होतं? तुंबा आधी जरासा ओतणाऱ्याच्या तोंडाकडे न्यायचा, मग आजीकडे जाऊ द्यायचा.

त्याने माऊसने तुंबा धरला आणि वर ओढला. सोडल्याबरोबर तुंबा टुणकन हातात परत. पुन्हा ओढला, पुन्हा परत. दहा-बारा वेळा झालं तरी तुंबा काही ऐकेना.

"तो तुझ्यापेक्षा हुशार दिसतोय," मागून आवाज आला. सासूबाई, सुल्माबाई, विणकाम घेऊन दारात उभ्या होत्या.

"सासूबाई, कामात आहे मी."

"दिसतंय. अनाईला ठाऊक आहे का, तू कामात आहेस ते?"

"तिच्याचसाठी चाललंय. ओतणारा पहिला तुंबा आजीला देतोय."

सासूबाईंच्या सुया थांबल्या. "आजीला? पहिला? मेल्याला कोणी वळण लावलं नाही का?" आणि त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. (यानंतर त्या उठल्या नाहीत. पुढे चौकशी झाली तेव्हा मात्र त्या पूर्ण वेळ विणत होत्या.)

शोधता शोधता वाल्देमारला ती जागा सापडली, जिथे तुंब्याने कुणाच्या मागे जायचं हे लिहिलेलं होतं. त्या क्षणापुरतं तिथे ओतणाऱ्याच्या हाताचं नाव होतं, पुढे शंभर, म्हणजे तुंबा पूर्ण त्याचा. शेजारी आणखी नाव घालायची सोय होती. त्याने ओतणाऱ्याचे ओठ घातले आणि त्यांनाही शंभर दिले. तुंबा निघाला, आणि ना हातात ना तोंडात, बरोबर मधोमध, ओतणाऱ्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी हवेत उभा राहिला.

"याचं काही ठरतच नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याच वळणावर गेलाय."

वाल्देमारने हाताचे शंभर काढून शून्य केले. तुंबा वर सरकला आणि पडद्यावरून नाहीसा झाला.

"कुठे गेला?"

"तोंडाशी गेला असणार. ओतणाऱ्याचं तोंड या चौकटीत नाहीये, वर आहे."

"मग आजी काय पितेय?"

आजी रिकामी मूठ तोंडाशी नेऊन मोठ्या समाधानाने हवा ओढत होती. मग तिच्या मुलाने हवा घेतली, शेजारणीने घाईघाईने हवा घेतली. ओतणारा दर वेळी उरलेल्या हवेत थर्मासमधलं पाणी ओतत होता. तुंबा जो एकदा ओतणाऱ्याच्या तोंडाला लागला तो शेवटपर्यंत तिथेच. म्हणजे मूर्खाचा तुंबा पाहुण्यांना मिळू नये म्हणून वाल्देमारने अशी तजवीज केली होती, की पाहुण्यांना कुठलाच तुंबा मिळणार नाही.

त्याने इथे जरा डोकं चालवलं. तुंबा सगळ्यांना मिळायला हवा ना? मग सगळ्यांचेच हात लिहू. त्याने चौघांचे हात घातले, कुणावर अन्याय नको म्हणून सगळ्यांना सारखेच आकडे दिले. तुंबा परत दिसू लागला, हे खरं. तो टेबलाच्या बरोबर मध्यावर अधांतरी लटकला होता, आणि कुणी जरा हात हलवला की त्या बाजूला थोडासा सरकून थरथरत होता. चौघंही आळीपाळीने त्याच्याकडे बघून आपापल्या जागी हवा पीत होते.

"सगळ्यांचा पाव पाव हिस्सा झालाय," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या भावंडांत वडिलांच्या घराचं असंच झालं. अजून कुणी राहायला गेलेलं नाही."

शेवटचा उपाय म्हणून वाल्देमारने ओतणाऱ्याच्या हातालाच तुंब्याच्या मागे जायला सांगितलं. आता तुंबा हाताच्या मागे आणि हात तुंब्याच्या मागे. कॉम्प्युटरने लाल अक्षरात काहीतरी विचारलं. वाल्देमारने 'हो' दाबलं, कारण कचेरीतल्या कॉम्प्युटरने काहीही विचारलं तरी तो 'हो'च दाबायचा. त्याबरोबर ओतणाऱ्याचा हात खांद्यापासून लांबत लांबत टेबल ओलांडून पलीकडे गेला आणि शेजारणीच्या कानापाशी झटके देऊ लागला. मागे जायचं बटण त्याने दाबून पाहिलं, पण कुठवर मागे जायचं ते कळेना. मध्ये कधीतरी त्याने सेव्हही करून टाकलं होतं. दर थोड्या वेळाने सेव्ह करा अशी कचेरीत सक्त ताकीद होती. तेवढ्यात फाटक वाजलं. वाल्देमारने सगळं फटाफट बंद केलं, म्हणजे निदान बिघडलेलं दिसणार नाही, आणि मागे जायची होती नव्हती ती वाटही बंद झाली.

पेत्रोनाबाई बुटक्या, ताठ आणि कमी बोलणाऱ्या. काखेत स्वतःचा थर्मास, हातात स्वतःचा तुंबा.

"आधी बिस्कोचो घ्या," वाल्देमार म्हणाला.

"नको."

"आमचं अंगण तरी बघा. लिंबाला या वर्षी काय बहर आलाय."

"एवढा वेळ बसमध्ये कंबर मोडून घेतली ती लिंबू बघायला नाही," बाई म्हणाल्या. "फिल्म कुठाय?"

अनाईने नवऱ्याकडे पाहिलं. लिंबाच्या झाडाचं कौतुक त्याने याआधी एकदाच केलं होतं, घड्याळ भिंतीवरून खाली आलं त्या दिवशी. तिने फिल्म उघडली, आणि ती कशाला हात लावणार एवढ्यात पेत्रोनाबाईंनी स्वतःच पुढे होऊन मोठं बटण दाबलं. त्यांना थांबायची सवय नव्हती.

तुंबा अधांतरी थरथरला. आजीने हवा प्यायली. एक भलामोठा हात टेबलावरून गेला आणि शेजारणीचा कान शोधू लागला.

"हे घर झपाटलेलं आहे का?" पेत्रोनाबाईंनी विचारलं.

"वाल्दे," अनाई हळूच म्हणाली.

"मी विणत होते," सासूबाई म्हणाल्या.

वाल्देमारला वाटलं, आता खरं काय ते सांगून टाकावं, म्हणजे बायकोची लाज तरी राखली जाईल. "माझी चूक झाली, बाई," तो म्हणाला. "पण कारण होतं. फिल्ममध्ये पहिला तुंबा आजीला दिला होता. तुमच्यासमोर असं दिसू नये म्हणून मी..."

"पहिला तुंबा?" पेत्रोनाबाई अनाईकडे वळल्या. "म्हाताऱ्या बाईला? माझ्या जाहिरातीत?" आणि त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. लाज राखता राखता आपण बायकोचं नाक कापलं, हे वाल्देमारच्या तेव्हा ध्यानात आलं.

अनाई रडली नाही, चिडली नाही, की तिने एक शब्दही खुलाशाचा काढला नाही. तिने उशी सारखी केली आणि बसली. "बाई, तुमचा एक तुंबा होईपर्यंत थांबा," म्हणाली. "जुनी प्रत आहे, पण तिच्यात तुंबा अजून टेबलावरच बसलाय. हे मी इथेच नीट करते."

तिने आधी त्या लांबलेल्या हाताला तुंब्यापासून सोडवलं, तो शहाण्यासारखा खांद्याकडे परत आला. मग तुंब्याच्या मागची सगळी खोगीरभरती काढून टाकली आणि दोनच हात ठेवले, ओतणाऱ्याचा आणि आजीचा. पेत्रोनाबाई उभ्याच होत्या, पण हळूहळू त्यांची मान पुढे आली.

"आता हा कुणाच्या हातात आहे?"

"ओतणाऱ्याच्या. याचे शंभर, आजीचा शून्य. आता आजीची बोटं इथे लागली, बघा. याचा आकडा उतरायला लागला, तिचा चढायला लागला."

"थांबव. इथे कुणाचा आहे?"

"इथे दोघांचा आहे, बाई. पापणी लवेपर्यंतच. आता याने सोडला. आता आजीचा."

तुंबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आजीचं वाकडं बोट त्याच्या पोटावर विसावलं, ओतणाऱ्याची बोटं किंचित रेंगाळून मागे फिरली, पडला तर असावीत म्हणून. पेत्रोनाबाईंनी "पुन्हा" म्हटलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांचा स्वतःचा हातही नकळत पुढे झाला होता. वाल्देमार दाराला टेकून बघत होता. पाहुणी, चूक, बेअब्रू सगळं विसरून त्याच्या मनात एवढंच आलं, की आपली बायको केवढी मोठी आहे, आणि आपण तिच्या खोलीत माऊस घेऊन शिरलो. त्याचे डोळे भरून आले. अनाईने एकेक करून मुलाचा, शेजारणीचा, सगळ्यांचा तुंबा त्यांना परत मिळवून दिला. बोलता बोलता तिने हे सगळं केलं.

"हात छान आहेत," पेत्रोनाबाई म्हणाल्या. "असे हात मी जाहिरातीत पाहिले नाहीत. पण पहिला तुंबा आजीला, हे मला चालणार नाही."

"पहिला नाहीच तो," अनाई म्हणाली. "मी काम करत होते तो मधला तुकडाच फक्त लावून ठेवला होता." तिने पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीचं टोक माऊसने धरलं आणि डावीकडे पार शेवटपर्यंत ओढलं. "फिल्म इथून सुरू होते."

रिकामं स्वयंपाकघर दिसलं. एक गोल, टकला माणूस पाय घासत आला. त्याने तुंब्यात येर्बा भरली, पाणी ओतलं, खुर्च्या रिकाम्या आहेत हे पाहून घेतलं आणि पहिला तुंबा स्वतः उचलला. त्याने घोट घेतला. आधी त्याचा एक डोळा मिटला, मग नाक वर गेलं, मग दोन्ही कान मागे सरकले, आणि सगळा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. तशाच चेहऱ्याने त्याने तुंबा तळाशी नळी गुरगुरेपर्यंत संपवला, मिशी पुसली, आणि मंडळी आत आली तेव्हा जगात कडू असं काही नाहीच अशा थाटात हसून तो आजीसाठी दुसरा भरू लागला.

पेत्रोनाबाई हसल्या. थर्मास काखेतून खाली ठेवावा लागला इतक्या हसल्या.

वाल्देमारही पोट धरून हसत होता. "काय सोंग केलंय गं," तो म्हणाला. "असा वेंधळा तुला सापडला कुठे?"

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"रोज बघते मी," अनाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. आमच्या वाटचं कडू तूच पितोस, आणि आम्हाला कळत नाही असं तुला वाटतं." तिचे कान लाल झाले होते. वाल्देमारचं हसू हळूहळू ओसरलं आणि त्याचा हात आपोआप आपल्या मिशीकडे गेला.

पेत्रोनाबाईंनी जास्त वेळ घेतला नाही. पुढच्या सगळ्या जाहिराती अनाईने करायच्या, नाव खाली नको, वरच टाका म्हणाल्या. "आणि ते तोंड मला पाकिटावर हवं," त्यांनी सांगितलं. "टिटवी वर राहू दे, तिच्याखाली हे."

"माझं तोंड?" वाल्देमारची छाती फुगली. "प्रत्येक पाकिटावर?"

"तुमचं आहे म्हणता, तर एकदा खात्री करून घेऊ," पेत्रोनाबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या तुंब्यात नवी येर्बा भरली, पाणी ओतलं आणि पहिला तुंबा त्याच्या हातात दिला. वाल्देमारने पडद्याच्या शेजारी उभं राहून घोट घेतला. डोळा मिटला, नाक वर गेलं, कान मागे सरकले. बाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा पडद्याकडे बारकाईने पाहिलं.

"माणूस हाच आहे," त्या अनाईला म्हणाल्या. "पण पडद्यावरचा जरा शहाणा दिसतो. पाकिटावर तोच घेऊ."